जिवंत माशांवर वाढलेल्या अरोवानाला दाण्याची सवय कशी लावायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ८ इंची सिल्व्हर अरोवाना, पिल्लू असल्यापासून जिवंत माशांवर वाढलेला. गेले ४ महिने तुम्ही त्याला छोटे गोल्डफिश देताय. दाण्यावर, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या तयार कोरड्या खाद्यावर, आणायचा दोनदा प्रयत्न केलात. पहिल्यांदा ५ दिवस, दुसऱ्यांदा ९ दिवस त्याने दाण्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही आणि दोन्ही वेळा शेवटी राहवलं नाही म्हणून तुम्ही गोल्डफिश सोडलेत. टाकीत ६ इंची बिचिर (तळाशी राहणारा शिकारी मासा) आहे, तोही दाणे खात नाही. तुम्ही विचारताय की अरोवानाला आणखी किती दिवस उपाशी ठेवायचं, आणि दाण्याचा ब्रँड बदलून पाहावा का.

दोन्हींची सरळ उत्तरं आधी देतो. ब्रँड बदलून फारसा फरक पडणार नाही. आणि नुसता उपास वाढवून हा मासा दाण्यावर येईल असं मला वाटत नाही. मी १६ वर्षं शिकारी मासे पाळतोय. या काळात बरेच मासे दाण्यावर आणले, काही आणता आले नाहीत. त्यातून एक गोष्ट पक्की समजली: आपण ज्याला हट्टी किंवा चोखंदळ म्हणतो, त्या माशाला बहुतेक वेळा दाणा हे खाद्य आहे हेच कळलेलं नसतं. भूक कडाडून लागलेली असते, दाणा नाकासमोर असतो, पण पाण्यावर पडलेला काडीकचरा आणि तो दाणा त्याच्या लेखी सारखेच. चव नावडली असं म्हणायला आधी चव घ्यावी लागते. तुमच्या अरोवानाने ती एकदाही घेतलेली नाही.

सुरुवात करण्याआधी एक खात्री करून घ्या. जो मासा दाणे सोडून बाकी सगळं खातो त्याला शिकवता येतं. जो काहीच खात नाही तो आजारी आहे किंवा घाबरलेला आहे, त्याला शिकवायला जाऊ नये. पांढरी, दोऱ्यासारखी लांब विष्ठा, पोट खपाटीला जाणं, कल्ल्यांची जलद उघडझाप, कोपऱ्यात तोंड घालून राहणं, यातलं काही दिसलं तर आधी त्याच्याकडे बघा. तुमचा मासा गोल्डफिश सोडल्या सोडल्या गिळतो असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे भूक शाबूत आहे. तरी पाण्याची चाचणी करा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत, तापमान २७-२८ अंशांच्या आसपास स्थिर हवं. थंड पाण्यात पचन मंदावतं आणि भूकही. मासा नवीन आणलेला असता तर मी दोन आठवडे काहीच बदलू नका म्हटलं असतं. तुमचा स्थिरावलेला आहे, त्यामुळे लगेच सुरू करायला हरकत नाही.

उपासाबद्दल, कारण तुम्हाला काळजी त्याचीच आहे. किती दिवस चालतं हे माशाच्या आकारावर आणि अंगावर किती मांस आहे त्यावर ठरतं. ८ इंची धडधाकट अरोवाना आठवडा-दहा दिवस खाल्ल्याशिवाय सहज राहतो. तीन-चार इंची पिल्लाला मात्र तीन दिवसांच्या पुढे ताणू नये. मी एकदा ताणलं होतं. अडीच इंची पीकॉक बासचं पिल्लू होतं, दाणे घेईना म्हणून आठवडाभर दुसरं काही दिलं नाही. आठव्या दिवशी जिवंत खाद्य टाकलं तर त्याने तेही घेतलं नाही. अंगात शिकार करण्याइतकी ताकदच उरली नव्हती, आणि ते गेलं. तेव्हापासून मी दिवस मोजत नाही, माशाची पाठ बघतो. डोक्याच्या मागे, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंचं मांस उतरून कणा वर आल्यासारखा दिसायला लागला की प्रयोग तिथेच थांबवायचा, कितवाही दिवस असो.

मग एवढा खटाटोप करायचाच कशाला? गोल्डफिशमध्ये थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं. ते जीवनसत्त्व ब-१ नष्ट करतं. रोज गोल्डफिशच खाणाऱ्या शिकारी माशाला काही महिन्यांनी त्याची कमतरता भासायला लागते: भूक मरते, तोल जातो, झटके येतात. गोठवल्याने हे एन्झाइम मरत नाही, शिजवल्याने मरतं. शिवाय खाद्य म्हणून विकले जाणारे मासे दाटीवाटीने ठेवलेले असतात, त्यांच्याबरोबर परजीवी तुमच्या टाकीत येतात. दाण्यावर आला नाही तरी चालेल, पण गोल्डफिश थांबवा असं मी तुम्हाला आग्रहाने सांगेन.

आता मूळ मुद्दा. शिकारी मासा खाद्य ओळखतो ते ढोबळमानाने चार खुणांवरून: ते हलतं कसं, मिळतं कुठे, वास कसा आहे, आणि तोंडात गेल्यावर लागतं कसं. गोल्डफिशची हालचाल डोळ्यांना दिसते आणि पाण्यात उठणारी थरथर अंगावरच्या पार्श्वरेषेला जाणवते. वास ताज्या मांसाचा, अंग मऊ. दाणा टाकलात की या चारही खुणा एकाच वेळी बदलतात. हालचाल नाही, वास वेगळा, तोंडात खडा. तुम्ही दोन्ही वेळा हीच उडी मारायला लावलीत. माझी पद्धत म्हणजे एका वेळी एकच खूण बदलायची आणि ती पचनी पडली की पुढच्या खुणेला हात घालायचा. ऐकायला संथ वाटते, पण नऊ-नऊ दिवसांचे फसलेले उपास धरले तर हीच लवकर संपते.

अरोवानाच्या बाबतीत एक गोष्ट आपल्या बाजूने आहे. तो पाण्याच्या वरच्या थरातला शिकारी. निसर्गात पाण्यावर पडणारे किडे तो टिपतो, प्रसंगी पाण्याबाहेर झेप घेऊन फांदीवरचा किडाही पकडतो. त्याचे डोळे, वर वळलेलं तोंड, सगळी घडण त्यासाठीच आहे. म्हणून वर टपकन काही पडलं की त्याच्यावर झडप घालणं हे त्याच्या अंगातच आहे, ते शिकवावं लागत नाही. आपल्याला फक्त त्या झडपेखाली योग्य वस्तू आणून ठेवायची आहे. (टाकीवर घट्ट झाकण आहे ना? या सगळ्या काळात तो नेहमीपेक्षा जास्त उड्या मारेल.)

पहिल्या टप्प्यात जिवंतपणा काढायचा, वास आणि मऊपणा तसाच ठेवायचा. गोल्डफिश बंद करून चार दिवस काही देऊ नका. पाचव्या दिवशी गोठवलेली कोळंबी पूर्ण वितळवून, सोलून, डोक्याचा टोकदार काटा काढून, त्याच्या डोळ्याएवढ्या रुंदीचे तुकडे करा. लांब चिमट्यात एक तुकडा धरून पाण्याच्या पृष्ठभागावर त्याच्या तोंडासमोर, हातभर अंतरावर, हळूहळू आडवा न्या. चिमटा बोथट टोकाचा घ्या, झडप घालताना मासा त्याच्यावर आपटतो. हात वरून अंगावर आणू नका, बाजूने आणा. पहिल्या दिवशी तो बिचकून मागे गेला तर चिमटा नुसता स्थिर धरून ठेवा, दोन मिनिटांनी बाहेर काढा आणि त्या दिवसापुरतं थांबा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच कोपऱ्यात. वेळ आणि जागा पक्की ठेवणं फार उपयोगी पडतं. तीन-चार दिवसांत तुम्ही टाकीजवळ आलात की तो त्या कोपऱ्यात येऊन थांबायला लागेल. तो थांबायला लागला की अर्धं काम झालं असं मी धरतो.

कोळंबीवर मासा आला की बरेच जण इथेच रमतात, कारण मासा खातोय, आपणही खूश. पण कोळंबीवर कायमचं राहणं हे पूर्ण खाद्य नव्हे, आणि या टप्प्यावर जितका वेळ घालवाल तितकी ही नवी सवय घट्ट होईल. आठवडा पुरे.

दुसऱ्या टप्प्यात चिमटा सोडायचा आणि तुकडे वरून टाकायला लागायचं. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त फळ देणारा भाग हाच, म्हणून जरा सविस्तर सांगतो. खाद्याचे पाच-सहा तुकडे हातात घ्यायचे आणि एक-एक, ठरावीक लयीत टाकायचे. पडला, त्याने गिळला, तीन सेकंद, पुढचा. पडला, गिळला. दोन-तीन दिवसांत मासा त्या लयीला असा सरावतो की तुकडा पाण्याला टेकायच्या आत तो निघालेला असतो. आता तिसऱ्या किंवा चौथ्या क्रमाला दाणा टाकायचा. पहिल्याला नाही, कारण तेव्हा तो अजून निरखत असतो. शेवटच्याला नाही, कारण तोवर भूक भागत आलेली असते. मधे, ऐन भरात. दाणा तरंगणारा हवा, कोळंबीच्या तुकड्याच्या आकाराचा हवा आणि दहा मिनिटं कोळंबीच्या पाण्यात भिजवून बाहेरून मऊ झालेला हवा. सुकलेला, कडक दाणा या वेळी कधीच देऊ नये.

तुमच्याकडे पाळीव म्हणून वाढवलेले रातकिडे किंवा मीलवर्म (भुंगेऱ्याच्या अळ्या) मिळत असतील तर अरोवानासाठी या लयीत ते कोळंबीपेक्षाही सरस ठरतात. किडा, किडा, दाणा, किडा. बागेतून पकडलेले किडे मात्र नकोत, त्यांच्यावर कीटकनाशक असू शकतं.

तो दाणा तोंडात घेईल आणि थुंकेल. या क्षणी बहुतेक जण निराश होतात. तुम्ही होऊ नका. माशांच्या तोंडात आतवर चवीच्या कळ्या असतात, वस्तू गिळायची की टाकायची हे तिथे ठरतं. दाणा तिथवर पोहोचला याचा अर्थ हालचाल, जागा आणि आकार या तीन परीक्षा तो पास झाला आहे. आता उरली चव आणि स्पर्श. थुंकलेला दाणा पुन्हा उचलतो का ते बघा. पुन्हा पुन्हा उचलून थुंकत असेल तर अडचण कडकपणाची आहे, आणखी भिजवा. एकदाच थुंकून पाठ फिरवली तर वासाची आहे, कोळंबीच्या रसात जास्त वेळ ठेवा किंवा दाणा कोळंबीच्या तुकड्यात खुपसून द्या. अर्धा दाणा आत, बाहेर कोळंबीचं आवरण, अशी सुरुवात करून आवरण रोज पातळ करत न्यायचं.

इतकं करूनही जो मासा थुंकतोच, त्याच्यासाठी मी एक मिश्रण करतो. चायना ग्रास, म्हणजे अगर, १०० मिली पाण्यात २ ग्रॅम घालून पूर्ण विरघळेपर्यंत उकळायचा. कोळंबी वाटून घ्यायची, दाणे मिक्सरमधून पीठ करून घ्यायचे. पहिल्या खेपेला ४ भाग कोळंबी, १ भाग पीठ. अगर ४५ अंशांपर्यंत निवला की त्यात हे कालवायचं. फार गरम असताना घातलं तर जीवनसत्त्वं जातात, फार निवू दिलं तर ४० अंशांखाली तो धरायला लागतो आणि गुठळ्या होतात. कोळंबी थेट फ्रिजमधली असेल तर आधी ती कोमट करून घ्या, नाहीतर घातल्या घातल्या सगळं थिजतं. ताटलीत ओतून, घट्ट झाल्यावर चिरायचं. दर चार-पाच दिवसांनी पीठ वाढवत, कोळंबी कमी करत न्यायचं. शेवटच्या खेपेला १ भाग कोळंबी, ४ भाग पीठ असतं, आणि माशाच्या तोंडाला तोवर दाण्याची चव पूर्ण ओळखीची झालेली असते. हे मिश्रण फ्रिजमध्ये ३-४ दिवस ठेवा, फ्रीजरमध्ये नको. गोठवून वितळवलं की अगर पाणी सोडतो आणि तुकडे टाकीत भुसभुशीत होऊन पसरतात.

आता तुमच्या नवव्या दिवसाबद्दल. नऊ दिवस दाणे, मग गोल्डफिश. माशाच्या बाजूने पाहिलं तर तो यातून हेच शिकला की वाट बघितली की खरं खाद्य येतं. पुढच्या वेळी तो जास्त वाट बघेल. म्हणून या सगळ्या काळात माघार घ्यावी लागली तर एकच पायरी खाली उतरायचं. दाणा घेत नाही, कोळंबीवर या. टाकलेली कोळंबी घेत नाही, चिमट्यावर या. गोल्डफिशपर्यंत परत जायचं नाही. आणि तुमच्या घरात आणखी कुणी खाद्य टाकत असेल तर त्यांनाही हे नीट समजावून सांगा. माझा एक डॅटनॉइड (हाही शिकारी मासा) सहा आठवडे अडकून होता, तेव्हा शोधल्यावर कळलं की घरातल्या एकाला त्याची दया येत होती आणि तो रात्री शेजारच्या टाकीतले गप्पी त्याला देत होता. ते थांबल्यावर आणखी पाच आठवड्यांनी तो दाण्यावर आला.

किती काळ लागेल हे सगळ्यांनाच हवं असतं आणि नेमकं ते मासा कोणता यावर अवलंबून असतं. ऑस्करला माझ्याकडे चार दिवसांच्या वर क्वचित लागले. अरोवाना तीन ते सहा आठवडे. डॅटनॉइडचं वर सांगितलंच. गारसारख्या लांब चोचीच्या माशाला समोरून दिलेलं नीट पकडता येत नाही, तो तोंड बाजूला झटकून शिकार धरतो, त्यामुळे त्याच्यासाठी तुकडा चोचीच्या बाजूने न्यावा लागतो. लीफ फिशला हालचाल नसलेलं खाद्य मी कधीच देऊ शकलो नाही, आणि तो मासा घेण्याआधीच हे स्वीकारावं असं माझं मत आहे. पफरचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्याला गोगलगायीसारखं कठीण कवचाचं खाद्य लागतंच, तिथे दाण्याचा आग्रह धरू नये.

तुमचा बिचिर ही सोपी गोष्ट आहे. त्याची नजर अधू असते आणि तो वासावर चालतो. तुम्ही त्याला अरोवानाचेच तरंगणारे दाणे देत असाल तर त्याला ते सापडतच नसतील. बुडणारे दाणे आणा, कोळंबीच्या रसात भिजवा, दिवे बंद केल्यावर अर्ध्या तासाने तो ज्या जागी पडून असतो तिथे चार-पाच टाका. सकाळी उरलेले सायफनने काढा. माझा अंदाज आहे की आठवड्याच्या आत तो खायला लागेल. आणि तो खाऊ लागला की दुसरा फायदा होतो. शेजारी दुसरा मासा अधाशासारखा खाताना दिसला की शिकारी मासा चेकाळतो. बिचिर तळाशी असल्यामुळे अरोवानावर त्याचा परिणाम थोडाच होईल. वरच्या थरात दाणे खाणारा, अरोवानाच्या तोंडात मावणार नाही असा सोबती घालता आला तर परिणाम जास्त दिसतो. पण टाकीत जागा नसेल तर केवळ एवढ्यासाठी मासा वाढवू नका.

दाण्याबद्दल दोनच गोष्टी. प्रथिनं ४० ते ५० टक्के असावीत आणि घटकांच्या यादीत सगळ्यात आधी मासे किंवा कोळंबी यावी, गहू किंवा सोया नव्हे. आणि मोठी बरणी घेऊ नका. उघडलेल्या दाण्यातलं क जीवनसत्त्व काही महिन्यांत उतरतं, स्निग्धांश खवट होतो. मासा जुना दाणा नाकारतो तेव्हा त्याचं बरोबर असतं.

या काळात टाकीत न खाल्लेलं बरंच पडणार आहे, विशेषतः कोळंबीचा चुरा. दहा मिनिटांनी जे उरेल ते काढायचंच. पाणी नेहमीपेक्षा जास्त वेळा बदला, आठवड्यातून दोनदा पाव टाकी. अमोनिया चढला की मासा खाणं बंद करतो आणि आपल्याला वाटतं पद्धत फसली.

तुमच्या जागी मी असतो तर पुढचे तीन आठवडे असे काढले असते: गोल्डफिश आजपासून बंद, चार दिवस काही नाही. त्यानंतर आठवडाभर चिमट्यावर कोळंबी, रोज, एकाच वेळी आणि एकाच कोपऱ्यात. मग वरून लयीत टाकणं, आणि लय बसली की मधे एक भिजवलेला दाणा. बिचिरचं काम रात्री वेगळं चालू. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी तो दाणा थुंकत असेल तर सगळं ठीक चाललंय. दाण्याकडे वळतच नसेल तर लय अजून बसलेली नाही, तीच आणखी आठवडाभर.

आणि ज्या दिवशी तो पहिला दाणा गिळेल, त्या दिवशी लागलीच मूठभर टाकू नका. उरलेलं जेवण कोळंबीनेच पुरं करा. दुसऱ्या दिवशी दोन दाणे, मग तीन. कोळंबी पूर्ण बंद करायची घाई नाही. दाणे मुख्य झाल्यावरही आठवड्यातून एकदा मी ती देतोच, फक्त नेहमी दाण्यांनंतर, आधी कधीच नाही.